आधी आसूड, मग हत्ती

तोफेचा बार होतो आणि दुपारपासून फुटपाथवर ठाण मांडून बसलेली माणसं मांडी सावरून घेतात. पोरं बापाच्या खांद्यावर चढतात, चण्याच्या पुड्या विकणारा लगबगीने दोरीच्या आत येतो, आणि रिकाम्या रस्त्याच्या टोकाकडून पहिला कडाका ऐकू येतो. मग दुसरा, तिसरा. हत्ती अजून बरेच मागे आहेत, ढोल मागे आहेत आणि ज्याच्यासाठी हा सगळा सोहळा, तो बुद्धाच्या दाताचा करंडकही मागेच आहे. श्रीलंकेतल्या कँडी शहरात एसला पेराहेरा निघते, तेव्हा सगळ्यात पुढे चालतात ते आसूडवाले.

रस्त्याच्या दोन्ही अंगांनी एकमेकांत अंतर राखून ते चालत येतात. अंगात मोजकेच कपडे, हातात वळलेला लांब दोर. पाय रोवायचे, दोर डोक्यावरून भोवंडायचा आणि मनगटाला हिसका द्यायचा. पोतराजाचा आसूड ज्यांनी गावात ऐकला आहे, त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की पोतराज तो स्वतःच्या अंगावर ओढून घेतो आणि इथे तो हवेवर पडतो. आसूडवाल्यांचं काम दुहेरी आहे. राजाच्या काळी गर्दीला बाजूला सारून रस्ता मोकळा करायचा, हे एक. दुसरं काम पावसाचं. आसूडाचा कडकडाट म्हणजे मेघगर्जना आणि त्यांच्या पाठोपाठ साखळ्यांना बांधलेले आगीचे गोळे फिरवत येणारे लोक म्हणजे वीज, असा इथला समज आहे. एसला हा महिना जुलै-ऑगस्टमध्ये येतो. तेव्हा ही मिरवणूक मुळात पावसासाठी घातलेलं साकडंच.

मराठी पर्यटकाला श्रीलंका ठाऊक असते ती बहुतेक सहलीच्या पत्रकातून. नुवारा एलियाजवळचं सीतेचं देऊळ, चहाचे मळे, पिन्नावालाचे हत्ती, गॉलचा किल्ला आणि मधे कँडीला एक रात्र. एरवी त्या एका रात्रीत दंतमंदिर पाहून होतं, तळ्याकाठी फेरफटका होतो, झालंच तर एखाद्या सभागृहात तासाभराचा कँडी नाच बघून होतो. पण पेराहेराच्या दिवसांत गेलात, तर हेच गाव हाताबाहेर गेलेलं असतं. खोल्यांचे दर वाढतात, दुपारीच रस्ते बंद होतात, दलदा वीदिय आणि राजा वीदिय या रस्त्यांवर सकाळीच ताडपत्र्या अंथरल्या जातात. दुकानदार दुकानापुढे खुर्च्या मांडून त्या भाड्याने देतात. परदेशी पाहुण्याला सांगितलेला भाव आणि स्थानिकाला पडणारा भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. फुटपाथवर बसायला मात्र कुणी पैसे मागत नाही.

हा सोहळा एका रात्रीचा नाही. आधी चार देवळांत ‘कप’ रोवतात. चीक असलेल्या झाडाचा, विधिपूर्वक तोडून आणलेला तो खुंट. त्यानंतर पाच रात्री देवळांच्या आवारातच छोट्या फेऱ्या होतात. सहाव्या रात्रीपासून मिरवणूक रस्त्यावर येते: पाच रात्री कुंबल पेराहेरा आणि पुढच्या पाच रात्री रंदोली पेराहेरा. रंदोलीच्या रात्रींत पालख्याही असतात. एकेकाळी त्या राजाच्या राण्यांच्या होत्या. रात्रीगणिक हत्ती वाढतात, नाचणारे वाढतात, गर्दी वाढते. शेवटच्या रंदोलीनंतर पहाटे महावेली नदीवर गेटंबे इथे तलवारीने पाणी कापण्याचा विधी होतो आणि त्या दिवशी दुपारी उन्हात शेवटची मिरवणूक निघते.

दंतधातूची कथा लंकेत शाळकरी पोरालाही पाठ असते. चौथ्या शतकात कलिंगाची राजकन्या हेममाला बुद्धाचा दात केसांत लपवून, नवऱ्याबरोबर समुद्र ओलांडून लंकेत आली, असं सांगतात. पुढे हा दात ज्याच्याकडे, राज्य त्याचं, अशी समजूत रुजली. राजधानी हलली की दातही हलायचा. अनुराधपुरात पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्खू फाहियान याने दंतधातूची मिरवणूक पाहिली आणि लिहून ठेवली. पण कँडीत आज दिसते ती मिरवणूक त्याच वाटेने सरळ चालत आलेली नाही. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी १६६० पासून जवळजवळ वीस वर्षं कँडीच्या राजाच्या कैदेत होता. सुटून गेल्यावर १६८१ मध्ये त्याचं पुस्तक छापलं गेलं. त्यात हत्ती आहेत, ढोल आहेत, रात्रीच्या फेऱ्या आहेत, दात नाही. तेव्हाची मिरवणूक देवांची होती.

दात तीत आला अठराव्या शतकात, कीर्ती श्री राजसिंह राजाच्या कारकिर्दीत. हा राजा नायक्कर घराण्यातला, म्हणजे मदुराईकडून आलेल्या, जन्माने हिंदू असलेल्या राजवंशातला. लंकेत भिक्खूंची परंपरा खंडित झाली होती. ती पुन्हा सुरू करायला त्याने सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, भिक्खू बोलावले. १७५३ मध्ये त्यांच्याकडून सयाम निकाय हा भिक्खुसंघ उभा राहिला. बौद्ध राजाच्या राजधानीत एवढा थोरला उत्सव चालतो आणि त्यात बुद्धाचं काहीच नाही, हे सयामी भिक्खूंना खटकलं, असं परंपरा सांगते. राजाने तोडगा काढला. देव काढले नाहीत, त्यांच्यापुढे दंतधातूचा हत्ती आणला. आजही क्रम तोच आहे: आधी दलदा मालिगावा म्हणजे दंतमंदिर, मग नाथ, विष्णू, कतरगाम आणि पत्तिनी या चार देवळांच्या मिरवणुका. विष्णू तर आपलाच, कतरगाम म्हणजे कार्तिकेय. बुद्धाच्या मागे विष्णू आणि कार्तिकेय चालत निघालेले पाहून मराठी पाहुणा जरा बुचकळ्यात पडतो. शेजारी बसलेल्या कँडीच्या आजीला त्यात काही नवल वाटत नाही.

आसूडवाले आणि आगवाले पुढे गेले की येतात निशाणवाले, जुन्या कँडी राज्यातल्या प्रांतांची निशाणं घेऊन. त्यांच्यामागे पहिल्या हत्तीवर बसलेला अंमलदार हातात ताडपत्रांची पोथी घेऊन येतो. त्याचं नाव पेरमुने राळ. पोथीत मंत्र नाहीत. कोणत्या गावाकडे देवळाची किती जमीन आहे आणि तिच्या बदल्यात त्या गावाने मिरवणुकीत कोणती चाकरी करायची, याची ती नोंदवही आहे. ढोलवाल्यांच्या आधी दप्तर! या सगळ्या गलक्याचं मर्म तिथे आहे. पेराहेरात कुणी हौसेने येऊन वाजवत नाही. प्रत्येक आवाजाला मालक आहे, हक्क आहे आणि रांगेतली जागा ठरलेली आहे.

मग ते आवाज सुरू होतात. सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो गेट बेर: मधे फुगीर, दोन्ही तोंडांकडे निमुळता होत गेलेला, कमरेला आडवा बांधलेला ढोल. त्याच्या दोन तोंडांना वेगवेगळ्या जनावरांची कातडी असते, त्यामुळे डाव्या-उजव्या हाताचा नाद वेगळा. कँडीचे नर्तक नाचतात ते याच्या बोलावर. त्याच्याबरोबर दवुल, एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने नुसती थाप. मग तम्मट्टम, पोटाशी बांधलेली नगाऱ्यांची जोडी, पुढे गोल वळवलेल्या वेताच्या काड्यांनी वाजवायची. आणि या सगळ्यावर चढून बोलणारी होरनेव, सनईच्या घराण्यातली पण अधिक धारदार. नर्तकांपैकी जे ‘वेस’ मुकुट घालतात त्यांनी तो वर्षानुवर्षांच्या तालमीनंतर विधिपूर्वक मिळवलेला असतो. कपाळावर चांदीची पानं, छातीवर मण्यांची जाळी, पायांत पोकळ वाळे. दोन रांगा समोरासमोर नाचत पुढे सरकतात आणि शेकडो पाय एकदम पडतात, तेव्हा वाळ्यांचा खळखळाट ढोलालाही पुरून उरतो.

आवाज प्रचंड असतो. तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्या रांगेत बसू नये, हे निक्षून सांगायला हवं. तरीही दोन-तीन तास तिथे बसलेल्याचं डोकं उठत नाही, आणि याचं कारण सरळ आहे. इथे डीजे नाही, ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत नाही. एक पथक समोर येतं, त्याचा ताल पुरता ऐकू येतो, ते पुढे सरकतं आणि मगच दुसऱ्याचा ताल कानात शिरतो. मधल्या जागेत मशालवाले असतात. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या रात्री दोन मंडळांच्या स्पीकरमध्ये सापडलेल्या माणसाला या मधल्या जागेचं मोल लगेच कळेल.

मशालवाल्यांकडेही नीट पाहावं. उंच दांड्यावर लोखंडी जाळीची टोपली, तिच्यात पेटलेलं सुकं खोबरं. तेल नाही, रॉकेल नाही. खोबऱ्याच्या वाट्या भरलेलं पोतं घेऊन एकजण सोबत चालतो आणि जाळ मंदावला की मूठभर तुकडे टाकतो. निखारे रस्त्यावर पडतात, मागचा माणूस ते बाजूला सारतो, कारण पाठोपाठ अनवाणी नर्तक येत असतात. खोबऱ्याच्या त्या खरपूस, किंचित करपट वासाने सगळं गाव भरून जातं. विजेच्या दिव्यांचा सोसही आता आला आहे: हत्तींच्या झुलींवर बॅटरीवरच्या दिव्यांच्या माळा लुकलुकतात. पण ढोलवाल्याच्या तोंडावरचा घाम दिसतो तो खोबऱ्याच्याच उजेडात.

या शिस्तीची किंमत कुणीतरी मोजलेली आहे, हे पाहुण्याला खुर्चीवरून दिसत नाही. पोथीत लिहिलेली चाकरी जातीनुसार वाटलेली होती. ढोल वाजवणारे बेरव जातीचे, हत्तीच्या पायाखाली पांढरं कापड अंथरणारे परीट. देवळाच्या जमिनीच्या बदल्यात सेवा ही पद्धत इतकी घट्ट होती की ब्रिटिशांना १८७० मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडची वतनं आणि बलुती ज्याने वाचली आहेत, त्याला यात काहीच अपरिचित वाटणार नाही. ज्यांच्या वाजवण्याशिवाय देव उंबरा ओलांडत नाही, त्यांना समाजात खालची जागा, हा व्यवहार समुद्र ओलांडूनही तसाच राहिला. सयाम निकायानेही स्थापनेनंतर थोड्याच काळात भिक्खुदीक्षा गोविगम या वरच्या मानलेल्या जातीपुरती राखून ठेवली. बाकीच्यांना दीक्षेसाठी ब्रह्मदेश गाठावा लागला आणि त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमरपुर निकाय जन्मला. दंतधातूची देखभाल आजही सयाम निकायाच्या मल्वत्त आणि अस्गिरिय या दोन शाखांकडे आहे.

१९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने डॉ. बाबासाहेब आंबेडकर कँडीला आले होते. बौद्ध आचार-विधी प्रत्यक्षात कसे पाळले जातात ते पाहणं, हा त्यांच्या त्या दौऱ्याचा एक हेतू होता. महिना मे असल्याने पेराहेरा काही त्यांच्या वाट्याला आली नाही. आज महाराष्ट्रातून बौद्ध यात्रेकरू मोठ्या संख्येने श्रीलंकेला जातात. त्यांनी ढोलवाल्यांच्या रांगेकडे जरा जास्त वेळ पाहावं.

आता पांढरं कापड येतं. त्याला पावाड म्हणतात. ते पुढे अंथरत जायचं, मागचं गुंडाळायचं, पुन्हा पुढे धावायचं, कारण दंतधातूचा करंडक वाहणाऱ्या हत्तीचा पाय उघड्या जमिनीवर पडायचा नसतो. हत्तीच्या पाठीवर सोनेरी छत्री आणि तिच्याखाली करंडक. खरा दात मंदिरातच राहतो. करंडक दिसला की बसलेले उठून उभे राहतात, हात जुळतात आणि ‘साधु, साधु’चा घोष उठतो. त्याच्यामागे चालतो दियवडन निलमे, मंदिराचा मुख्य विश्वस्त: कित्येक वार कापड कमरेभोवती गुंडाळलेलं, डोक्यावर चार कोनांची टोपी. १८१५ मध्ये कँडीचं राज्य ब्रिटिशांनी घेतलं. तेव्हापासून राजा नाही, राजाची जागा या अंमलदाराने घेतली.

करंडक वाहणारा हत्ती सुळेवाला असावा लागतो आणि चार पाय, सोंड, शेपूट व इंद्रिय अशी त्याची सात अंगं जमिनीला टेकावीत असा दंडक आहे. असे हत्ती विरळाच. राजा नावाच्या हत्तीने हे काम अनेक दशकं केलं. तो १९८८ मध्ये गेला. मंदिराच्या आवारात पेंढा भरून त्याला ठेवलं आहे आणि एक हजार रुपयांच्या नोटेवरही त्याचं चित्र आलं. त्याच्यानंतरचा नावाजलेला नडुंगमुवे राजा भारतातून आणलेला. तो दरवर्षी कँडीला नव्वद किलोमीटर पायी यायचा. २०१५ मध्ये एक मोटारसायकल त्याच्या अंगावर येता येता राहिली, आणि सरकारने त्याला सशस्त्र पहारा दिला. मार्च २०२२ मध्ये तो मेला.

सगळ्याच हत्तींच्या नशिबी पहारा नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये टिकिरी नावाच्या सत्तरीच्या हत्तिणीची छायाचित्रं जगभर गेली. झूल काढल्यावर दिसलेली हाडं, खपाटीला गेलेलं पोट. तिला शेवटच्या मिरवणुकीतून वगळलं गेलं आणि सप्टेंबरात ती गेली. त्याच महिन्यात कोलंबोजवळ कोट्टे इथल्या पेराहेरात एक हत्ती बिथरला, गर्दीत घुसला, अनेक जण जखमी झाले. ढोल, आग, आसूड आणि डोळ्यांसमोर लुकलुकणारे दिवे यांच्यामध्ये पायांत साखळी घालून चालायचं, हे हत्तीच्या अंगवळणी पडतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या पायांकडे पाहावं. नांदणी मठाची महादेवी हत्तीण २०२५ मध्ये जामनगरला हलवली, तेव्हा कोल्हापूर भागात लोक रस्त्यावर उतरले. श्रद्धा आणि जनावराचं सुख यांचा झगडा आपल्यालाही नवा नाही. पेराहेराच्या बाजूने बोलायचं, तर आसूड, ढोल, नाच आणि खोबऱ्याच्या मशाली यांच्या बळावर ती उभी राहू शकते. करंडकाचा एक हत्ती परंपरेचा म्हणून सोडला, तरी दिव्यांनी मढवलेल्या बाकीच्या डझनावारी हत्तींचा आग्रह कँडीने आता सोडायला हवा.

ज्यांना जायचं आहे त्यांनी तारखा पंचांगासारख्या पाहाव्यात, कारण त्या चंद्रावर ठरतात आणि दरवर्षी बदलतात. शेवटच्या रंदोलीच्या रात्रीचा हट्ट धरू नये. कुंबलच्या रात्री मिरवणूक आटोपशीर असते, ताल सगळे तेच, आणि फुटपाथवर दुपारी उशिरा गेलं तरी जागा मिळण्याची आशा असते. बसायला ताडपत्री, अंगावर घ्यायला रेनकोट आणि पाण्याची बाटली, एवढं पुरे. एकदा बसलं की उठून जाता येत नाही, तेव्हा लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची सोय आधीच पाहावी. खुर्ची भाड्याने घ्यायचीच, तर पैसे देण्याआधी तिच्यापुढे काय आहे ते बघून घ्यावं. पुढे आणखी एक रांग मांडली जाते, हे तिथे गेल्यावर कळण्यात अर्थ नाही.

आणि करंडकाचा हत्ती गेला की उठू नका. भाड्याच्या खुर्च्यांवरचे पाहुणे तेव्हाच उठायला लागतात. पण अजून चार देवळं यायची असतात. नाथाची मिरवणूक येते, विष्णूची येते, कतरगामच्या मिरवणुकीत मोरपिसांच्या कावड्या नाचतात. सगळ्यात शेवटी पत्तिनी. तमिळ महाकाव्यातली कण्णगी, नवऱ्यावरच्या अन्यायासाठी मदुराई जाळणारी, ती इथे देवी झाली आहे. गजबाहू राजाने दुसऱ्या शतकात तिचं पैंजण लंकेत आणलं, अशी आख्यायिका आहे आणि पेराहेराचं मूळही काहीजण तिथेच शोधतात. मघापासून रस्त्यावर नाचत गेले ते सगळे पुरुष. पाचही मिरवणुकांत बायका नाचतात त्या एकट्या पत्तिनीच्या. रात्रीचे अकरा वाजून गेलेले असोत, पाय मुंग्यांनी भरलेले असोत, त्या येईपर्यंत बसून राहा.